रझियाचा पहिला धडा

रझिया, काल सोमवार. काल मी तुझ्या निरवांगीला जाऊन आले. एसटी, मग वडापची जीप, मग फाट्यापासून तुझ्या दुकानापर्यंत पायी. तू असतीस तर दारातूनच ओरडली असतीस, "आली गं बाई आमची इंग्लंडची रानी!" काल कुणी ओरडलं नाही. मशीनवर चादर टाकलेली होती. तुझ्या सुनेनं, नसीमनं तुझं स्टूल पुसून माझ्यापुढं सरकवलं, पण माझं त्यावर बसायचं धाडस झालं नाही. उगाच उभी राहिले आणि आज गुडघे धरून बसलेय.

दमलेय गं. नुसती चालून आल्याची दमणूक नाही ही. तुला जाऊन चोवीस दिवस झाले आणि या दिवसांत मी कुणाशी धड बोललेली नाही, आमच्या ह्यांच्याशीसुद्धा. ते विचारतात, होतंय तरी काय? मी म्हणते, मैत्रीण गेली. एवढंच सांगते, पुढचं सांगत नाही. पुढचं हे, की मैत्रिणीला मी शेवटी फसवलं. पुण्याच्या दवाखान्यात डॉक्टर इंग्रजीत जे बोलला ते मला नीट कळलं होतं, आणि मी तुला भलतंच सांगितलं. हे आधीच लिहून टाकते. नाहीतर इकडचं तिकडचं लिहीत बसेन आणि नेमकं हेच राहून जाईल. मी कशी आहे ते तुला माहीत आहे.

लोकांना आपली जोडी कशी जमली याचं कोडं पडायचं. एक रिटायर झालेली हायस्कुलातली इंग्रजीची बाई आणि एक ब्लाऊज शिवणारी. लोणी भापकरच्या शाळेत आपण सातवीपर्यंत एका बाकावर होतो हे सांगितलं तरी कुणाला खरं वाटत नसे. तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं. गणित तर तूच मला सांगायचीस, तेही डोक्यात टपली मारून. सातवीनंतर मी बारामतीला शिकायला गेले, तुला मशीनवर बसवलं, आणि चार वर्षांत निरवांगीत दिलीसुद्धा. तुझं इंग्रजी पाचवी ते सातवीचं. तेवढं तू शेवटपर्यंत जपून ठेवलं होतंस. कापडाच्या गठ्ठ्यावरचे शिक्के मोठ्यानं वाचायचीस आणि माझ्याकडं बघायचीस, मी काही म्हणते का म्हणून. मी काही म्हणायचे नाही. चुकलीस तर मात्र लगेच म्हणायचे.

तो दिवस आठवतो का? दोन वर्षं झाली. भर दुपारी तू बारामतीत माझ्या दारात उभी. नातीच्या इंग्रजी शाळेतून थेट आली होतीस. मी पाणी आणायला वळले तर माझा दंड धरलास.

"पानी ऱ्हाऊ दे, विजे. आधी बस."

"अगं, झालं काय?"

"मी आन नसीम हापिसात हुभ्या. समोर दोन म्याडम. येकमेकींशी इंग्रजीत बोलल्या. मग माझ्याकडं बघितलं. मग हसल्या. काय म्हनल्या असतील?"

"मी तिथं होते का? मला काय माहीत?"

"तेच तर म्हनते. तू न्हवतीस. मी हुते तितं, आन मलाच म्हाईत न्हाय."

तुला इतकं चिडलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. तू रडली असतीस तर बरं झालं असतं, मी समजूत घातली असती. तू मात्र म्हणालीस, "विजे, आमाला शिकव. मला येकटीला न्हाय. गावातल्या सगळ्या बायकांना." तिथल्या तिथं ठरलं. तुझ्या दुकानामागची पत्र्याची खोली, माझं शिकवणं. सोमवार आणि गुरुवार, दुपारी दोन ते चार. म्हणजे बायकांची भांडी-धुणी उरकलेली असतात आणि धारा काढायची वेळ झालेली नसते. ही वेळ तूच काढलीस. मी सकाळी दहा म्हणाले होते आणि तू कपाळावर हात मारून घेतला होतास.

मी मात्र रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा खूश होते. नवीन फाईल आणली, लाल पेन आणलं, पट्टीनं रेघा मारल्या आणि तीस धडे आखले. फाईल घेऊन निरवांगीला आले तेव्हा तू एका ब्लाऊजचं कापड बेतत होतीस. कैची थांबवली नाहीस.

"पयला धडा काय?"

"गुड मॉर्निंग, हाऊ आर यू. विचारपूस."

"निरवांगीत हाऊ आर यू कोन इचारतंय? हितं इचारत्यात, च्या झाला का. दुसरा?"

"आपली ओळख करून देणं."

"सगळ्या येकमेकींना पोरवयापासनं वळकत्यात. तिसरा?"

"बाजारात."

"मेथीची जुडी इंग्रजीत कोन घेतं गं?"

मी फाईल धाडकन मिटली. माझ्या नाकाचा शेंडा लाल झाला की तुला फार आनंद व्हायचा. हसलीस, कैची खाली ठेवलीस आणि मग ती गोष्ट म्हणालीस, जिच्यावरून आपण पुढं दोन वर्षं भांडलो. "बोलायचं मागनं. आधी आपल्यापुढं आपल्याबद्दल काय बोलत्यात ते कळू दे. शाळेत, बँकेत, दवाखान्यात. पयले म्हैनाभर निस्तं ऐकायचं. तू त्या म्याडमसारखी फाडफाड बोल, आन आमी ऐकतो. कोन काय म्हनलं ते वळखतो."

"याला इंग्रजी बोलायचा वर्ग म्हणत नाहीत, रझिया. याला चोरून ऐकणं म्हणतात."

"माझ्यापुढं हुभं राहून माझ्याबद्दल बोलत्यात. ते मी ऐकलं तर चोरी माझी कशी?"

उत्तर नसलं की आम्ही मास्तर लोक आवाज चढवतो. मीही चढवला. "शिकवायचं कुणी, तू का मी?" तू शांतपणे म्हणालीस, "तूच बाई. तीस वरसं शिकवलंयस, आता काय बदलनार." ते मला असं झोंबलं की पंधरा दिवस मी तुला फोन केला नाही. सोळाव्या दिवशी तूच केलास, तोही ब्लाऊजची बाही किती ठेवू हे विचारायला. बाहीचं माप तुला तीस वर्षं पाठ होतं.

वर्गाची तालीम आपण दोनदा घेतली, माझ्या पद्धतीनं. पहिल्या दिवशी चौदा जणी आल्या. मी एकेकीला उभी करून नाव सांगायला लावलं. तुझ्या शेजारच्या पारूमावशी, पासष्टीच्या बाई, उभ्याच राहिल्या नाहीत. "माजं नाव अख्ख्या गावाला ठावं हाय. इंग्रजीत सांगून काय निराळं हुतंय?" सगळ्या खी खी हसल्या. मी टेबलावर पट्टी आपटली. हो, पट्टी. साठीच्या आसपासच्या बायकांपुढं. दुसऱ्या वेळी पाच जणी आल्या, त्यातली एक तू आणि एक नसीम. तिसरी वेळ आलीच नाही.

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर मी म्हणाले, "बायकांनाच शिकायचं नाही, आपण काय करणार?" तू सुईत दोरा ओवत होतीस. डोळा बारीक करून म्हणालीस, "बायकांना शिकायचंय, विजे. तुला ऐकायचं न्हाय." मी पर्स उचलली आणि निघाले. वडापमध्ये बसल्यावर लक्षात आलं की चहासुद्धा घेतला नव्हता, आणि तू तो उकळत ठेवला होतास.

माझ्यासारखीला सांभाळणं सोपं नव्हतं, हे मला आता कळतंय. माझ्या निरोपसमारंभाला तू निरवांगीहून आली होतीस, पहिल्या रांगेत बसली होतीस. पाहुण्यांवर छाप पडावी म्हणून मी पंधरा मिनिटं इंग्रजीत भाषण ठोकलं. खाली आले तेव्हा तू माझ्या खांद्यावरची पिन नीट केलीस आणि म्हणालीस, "छान बोललीस. कुनाशी?" मला तेव्हा राग आला होता. माझ्याशी असं बोलणारं माणूस या जगात एकच होतं. घरात मला सगळे बिचकून असतात, शाळेत पोरं घाबरायची, आणि तू मात्र माझे कान धरायचीस, वर माझा ब्लाऊज कधी कुठं ओढला नाही की सैल झाला नाही. याबद्दल तुला कधी धन्यवाद म्हटलं नाही. आपल्यात म्हणायची पद्धतच नव्हती.

मग तुझं पोट दुखायला लागलं.

गावातल्या डॉक्टरचे दोन महिने गेले, बारामतीतल्या तपासण्या झाल्या, आणि शेवटी पुण्याला जायचं ठरलं. युसूफ तुझा मुलगा, गाडी तोच चालवणार होता. नसीम बरोबर यायला निघाली तर तू तिला थांबवलंस. "तू लेकरांपाशी ऱ्हा. विजी संगं हाय. डॉक्टर इंग्रजीत बोलला तर ती हाय." मला अजून ऐकू येतं ते. वाटेत चहाला थांबलो तर चहावाल्यालासुद्धा सांगितलंस, "ही माझी मैत्रीन. हिला सगळं इंग्रजी येतं." चहावाल्यानं माझ्याकडं आदरानं बघितलं. मी मान वळवली, पण आतून सुखावले होते. खोटं कशाला बोलू?

युसूफ रिपोर्टची झेरॉक्स काढायला खाली गेला होता. खोलीत आपण दोघी आणि डॉक्टर. तरुण होता, वाईट नव्हता, दमलेला दिसत होता. मी इंग्रजीत दोन प्रश्न विचारले म्हणून तो माझ्याशी इंग्रजीतच बोलला. तुझ्याकडं बघून हसला आणि मग माझ्याकडं वळून दोन वाक्यं बोलला. दोनच. तुझे दिवस संपत आलेत, एवढाच त्यांचा अर्थ. तुझ्यापासून तो हातभर अंतरावर होता.

तू माझ्याकडं बघितलंस. गणित अडलं की मी तुझ्याकडं जसं बघायचे, अगदी तसं.

"काय म्हनला?"

"गोळ्या बदलल्यात," मी म्हणाले. "म्हणाला, वेळ लागेल. तीन-चार महिने जातील, पण आराम पडेल. तिखट कमी करा म्हणाला. काळजीचं काही कारण नाही."

तिखटाचं कुठून आलं मला माहीत नाही. तोंड आपोआप चाललं होतं.

"तो येवढुसं बोलला," तू म्हणालीस, "आन तू लई लांबवलंस."

"इंग्रजीत थोडक्यात असतं."

"असंल बाई."

बाहेर जिन्यात मी युसूफला खरं सांगितलं. कठडा धरून तो लहान मुलासारखा रडला. मग आम्ही दोघांनी ठरवून टाकलं की आईला कळू द्यायचं नाही. तुला विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. आपल्याकडं असंच करतात ना? माझ्या वडिलांच्या वेळी हेच केलं, तुझ्या सासऱ्यांच्या वेळीही. ज्याचं दुखणं त्याला सोडून सगळ्या गावाला ठाऊक असतं. याला आपण माया म्हणतो. मीही तेच म्हणत होते.

मग बायका तुला भेटायला यायला लागल्या. पिशवीत मोसंबी घेऊन यायच्या, तुझ्याजवळ बसून गावच्या गप्पा मारायच्या आणि उंबऱ्याबाहेर पडताच पदर डोळ्यांना लावायच्या. एकीला तू खिडकीतून बघितलंस.

"ह्या का रडत्यात गं?"

"तुझ्यावर जीव आहे म्हणून."

"येवढा जीव आधी कुठं हुता? ब्लाऊज चार दिस उशिरा दिला तर भांडायला यायच्या."

तू हसलीस म्हणून मीही हसले. तेव्हा सांगायला हवं होतं. तेव्हाही हवं होतं आणि त्यानंतरच्या गुरुवारी तर हवंच होतं. त्या गुरुवारी मी मोसंबी सोलत होते आणि सहज म्हटल्यासारखं म्हणाले, "रझिया, हमीदला एक फोन कर की." हमीद तुझा पाठचा भाऊ, लोणीत शेती करतो. त्याच्या मुलीच्या लग्नाचं बोलावणं त्यानं स्वतः न येता दुसऱ्याच्या हाती धाडलं, म्हणून नऊ वर्षं तू त्याचं तोंड बघितलं नव्हतंस. लहानपणी याच हमीदला कडेवर घेऊन तू शाळेत यायचीस. बाई ओरडायच्या आणि आपण त्याला बाकाखाली बसवायचो.

"करीन की," तू म्हणालीस. "फोन कशाला, सवता जाते. पर बरी झाल्यावर. असल्या रूपात नको. त्याला वाटंल, मरायला टेकली म्हनून आली." मग विचारलंस, "तीन-चार म्हैनं म्हनला न्हवं डॉक्टर?"

मी "हो" म्हणाले.

दवाखान्यातलं खोटं मी घाबरून बोलले असं म्हणता येईल. हे दुसरं मात्र मी शांत डोक्यानं बोलले, मोसंबीच्या फोडी वाटीत ठेवता ठेवता. फोडी तुला दिल्या. तू दोन खाल्ल्यास. सहाव्या आठवड्यात तू गेलीस.

हमीद आला. तुला न्यायच्या आधी आला, पण आला तेव्हा तू झाकलेली होतीस. गडी माणसं कबरस्तानातून परतल्यावर तो अंगणात माझ्यापुढं येऊन उभा राहिला. केस पांढरे झालेत गं त्याचे. "ताई," तो म्हणाला, "तुमाला समदं ठाऊक हुतं म्हनं. येक फोन करायचा हुता. पळत आलो असतो." तो माझ्यावर ओरडला असता तर परवडलं असतं. तो उत्तराची वाट बघून गेला.

तेव्हापासून मी एकाच गोष्टीवर तगून होते. "तू लई लांबवलंस" हे तुझं वाक्य. त्या वाक्यावरून मी स्वतःची समजूत घातली होती की तुला कळलं होतं. तुझ्यासारख्या हुशार बाईला कळणार नाही होय? तुला कळलं होतं आणि माझं मन राखायला तू गप्प राहिलीस. असं धरून चाललं की जेवण थोडं जायचं.

मागच्या आठवड्यात नसीम बारामतीला आली. हातात तुझी मापाची वही. "मॅडम, ही अम्मा वर्गासाठी तुमाला देनार हुती. आन सोमवारी बायका येनार हायेत. अम्मानं पडल्या पडल्या सगळ्यांना सांगून ठेवलंवतं, वर्ग परत चालू करायचा." मला न विचारता! मरायच्या आधीही तू माझ्यावर दादागिरी केलीस. मी वही ठेवून घेतली.

वहीत काय असणार, उंची चौदा, छाती छत्तीस, बाही दहा. पण प्रत्येक मापाखाली तुझ्या त्या सुरेख अक्षरात एकेक ओळ होती. तू म्हणायचीस, टेप लावला की बाई हात पसरून गप उभी राहते, तिला पळता येत नाही आणि तेव्हा विचारलं तर खरं बोलते. तू दोन वर्षं विचारत होतीस. शांताच्या मापाखाली लिहिलंयस, "लेक फोनवर सुनेशी इंग्रजीत बोलतो, ते माझ्याबद्दल असतं का." पारूमावशींच्या मापाखाली, "नातू काहीतरी म्हणून हसतो, ते शिवी आहे का." नसीमच्या खाली, "शाळेतल्या मॅडम." मी सगळी पानं चाळली. बोलायचंय असं एकीनंही सांगितलं नव्हतं. सगळ्यांना ऐकायचं होतं. माझे तीस धडे फाईलसकट कपाटात पडलेत.

तरी काल मी वर्ग घ्यायला आले नव्हते. तुला खरं सांगायचं म्हणून लिहितेय तर सगळंच लिहिते. मी नाही म्हणायला आले होते. वडापमध्ये वाक्य जुळवलं होतं, की माझी तब्येत बरी नसते, दुसरी कुणी तरुण बाई बघा. कोणत्या तोंडानं शिकवू? डॉक्टर काय म्हणाला ते कळण्यासाठी एका बाईनं मला बरोबर नेलं, आणि तिलाच मी कळू दिलं नाही.

पत्र्याच्या खोलीत अकरा जणी बसल्या होत्या. नसीम मागं दाराशी होती. कुणी हसत नव्हतं. मी घसा खाकरला तेवढ्यात पारूमावशी म्हणाल्या, "बाई, रझिया म्हनली हुती, पयल्या दिवशी निस्तं ऐकायचं. आमी आलोय ऐकायला. काय ऐकवताय?"

तीस वर्षांचं इंग्रजी, धडे, कविता, व्याकरण, सगळं गेलं कुठं कुणास ठाऊक. डोक्यात फक्त ती दोन वाक्यं. मी म्हणाले, "आधी एक सांगायचंय." आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. खोली, डॉक्टर, तुझं बघणं, माझे तीन-चार महिने, तिखट, मोसंबी. हमीदचंही सांगितलं. शेवटी स्वतःची पाठ राखायला हेही म्हणाले, की मला वाटतं रझियाला कळलं होतं.

"न्हाय मॅडम," नसीम म्हणाली.

ती रागावलेली नव्हती. तेच वाईट होतं. "अम्मानं चुलीमागच्या कॅलेंडरवर खुना केल्यावत्या. पुन्याहून आल्यापासनं रोजची येक. चौथ्या म्हैन्यात येका तारखेवर लिवलंय, लोणी. मी इचारलं तर म्हनली, तवर मी बरी हुते, हमीदकडं जायचंय. तुमी सांगितलंवतं ना, म्हनून."

रझिया, तू माझ्यावर विश्वास ठेवला होतास. एवढी हुशार तू, आणि तू चक्क विश्वास ठेवला होतास.

मी रडले गं. बायकांपुढं, खुर्चीचा हात धरून. कुणी पाणी दिलं. कुणी असू दे म्हणालं नाही, आणि ते बरंच झालं. मी पर्स उचलली. निघायचंच होतं मला.

"कुठं निघाला?" पारूमावशी म्हणाल्या. "ती दोन वाक्यं सांगा."

"कशाला मावशी?"

"म्हना तर."

मी म्हटली. डॉक्टर बोलला होता तशीच, भरभर. "देअर इज नथिंग मोअर वुई कॅन डू. टेक हर होम."

"हळू म्हना. उद्या माझ्यापुढं म्हनली तर मला कळाय पायजेत." त्यांनी माझ्याकडं रोखून बघितलं. "तुमी संगं असला तरी."

मी पर्स खाली ठेवली. हळू म्हटलं. त्यांनी परत म्हणायला लावलं. शांतानं डोळे मिटले होते, नसीम दारातून पुढं येऊन बसली होती. मागून कुणी म्हणत नव्हतं, मीही म्हणायला लावलं नाही. चौथ्यांदा, पाचव्यांदा, कितव्यांदा तरी म्हणून झाल्यावर पारूमावशींनी मान हलवली आणि म्हणाल्या, "आता ह्याचा अर्थ सांगा. खरा."

सांगितला. त्यांना सांगितला तसाच तुला सांगते. रझिया, डॉक्टर म्हणाला, आता आमच्या हातात काही उरलेलं नाही. यांना घरी घेऊन जा.